स्क्वूश: सेटिंग ठरवायला पहिला नंबर, ढीगभर फोटोंसाठी नाही

वेबसाइटसाठी फोटोंच्या फाइली लहान करणारं गूगल क्रोम लॅब्सचं स्क्वूश 2018 पासून मोफत आहे. वेबअसेंब्लीमुळे (ब्राउझरमध्ये जड प्रोग्राम वेगाने चालवणारं तंत्र) सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. पण त्याचं खरं बळ दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या मधल्या सरकपट्टीत आहे. डावीकडे मोझजेपेग (जेपेग फाइल बनवणारा एन्कोडर), उजवीकडे वेबपी हा फॉरमॅट घ्या, दोन्हींची क्वालिटी 75 लावा, झूम 100 टक्के ठेवा आणि तीन जागा बघा: केसांच्या बटा, आकाशातला रंगाचा उतार, लाल अक्षरांच्या कडा. लाल कडा वेबपीत हमखास फिसकटतात, कारण लॉसी (थोडी माहिती गाळून दाबणारं) वेबपी रंगाची माहिती नेहमी निम्म्या रुंदी-उंचीवरच साठवतं. अशा बॅनरला एव्हीआयएफ हा फॉरमॅट घ्या आणि त्यात सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती अशी कमी करणं) बंद करा.

रिसाइझमध्ये लँक्झोस 3 ही आकार बदलायची पद्धत निवडा, लिनिअर आरजीबीवर (रंगांचं गणित प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात करणारा पर्याय) खूण असू द्या. 480, 800, 1200 आणि 1600 पिक्सेल रुंदी बहुतेक साइट्सना पुरते. 390 पिक्सेल रुंदीच्या, तिप्पट घनतेच्या मोबाइलला 1170 पिक्सेल लागतात, म्हणून 1200 वगळू नका. प्रत्येक आकार मूळ फाइलवरूनच काढा. आधी दाबलेली जेपेग पुन्हा दाबली की तिचे चौकोनी डागही जपले जातात आणि फाइल उगाच फुगते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. फोटो एका वेळी एकच. 12 फोटो, 4 रुंदी, 2 फॉरमॅट म्हणजे 96 वेळा तेच काम! त्याहून वाईट म्हणजे उतरवलेल्या फाइलच्या नावात रुंदी येत नाही. चारही फाइलींना एकच नाव मिळतं आणि सोर्ससेटमध्ये (एचटीएमएलमधली वेगवेगळ्या रुंदीच्या फाइलींची यादी) 800 च्या जागी 480 ची फाइल सहज जाते. ब्राउझर तिथे लिहिलेल्या आकड्यावरच विश्वास ठेवतो, त्यामुळे फोटो धूसर दिसतो आणि एररही येत नाही. फाइल उतरताच नावात रुंदी घाला. फोटो पानावर किती रुंद दिसेल हे सांगणारं साइझेस मात्र स्वतःच लिहायला हवं. ते राहिलं तर ब्राउझर 100 व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, धरतो आणि 400 पिक्सेलच्या रकान्यासाठी 1600 ची फाइल ओढतो. मोबाइलसाठी वेगळी चौकट कापायची असेल तर दुसरं साधन लागेल.

म्हणून दोन-तीन नमुना फोटोंवर इथे क्वालिटीचा आकडा ठरवा आणि बाकीचे शार्पने (नोड.जेएसची, अनेक फोटो एकदम हाताळणारी लायब्ररी) काढा. वेबपीचा आकडा तसाच चालतो, एव्हीआयएफचा नाही. तो शार्पमध्ये पुन्हा डोळ्यांनी तपासा.