स्कॉटलंड टूरमधलं एग बेट : बेटाला पाच स्टार, टूरवाल्यांना अडीच

नागपुरातल्या लक्ष्मीनगरकडच्या एका टूरवाल्यांसोबत आम्ही जूनमध्ये स्कॉटलंड केलं. नाव इथं टाकत नाही, कोणाला पाहिजे असेल तर मेसेज करा. एडिनबरा, लॉख नेस वगैरेचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, ते सोडा, मी फक्त एग बेटाचं लिहून राहिली कारण त्याच्यासाठीच आम्ही हे महागडं पॅकेज घेतलं होतं आणि ब्रोशरमध्ये सगळ्यात जास्त फेकाफेक त्याच्याबद्दलच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रोशरमध्ये "निर्जन बेट" छापलंय. निर्जन कुठलं बाप्पा! शंभराच्या वर लोक राहतात, शाळा आहे, दुकान आहे, जेट्टीवर कॅफे आहे, आणि गावचा हॉल आहे. १९९७ च्या जूनमध्ये ह्या लोकांनी अख्खं बेट जमीनदाराकडून सोडवून घेतलं, पंधरा लाख पौंडाला, देशभरातून देणग्या आल्या आणि त्यातला मोठा वाटा नाव न सांगणाऱ्या एका बाईने दिला. तेव्हा लोकसंख्या पासष्टच्या आसपास होती. हे सगळं टूर मॅनेजरला माहीतच नाही, तो आपला "फोटो पॉइंट, फोटो पॉइंट" करत होता.

जाणं लांब आहे. ग्लासगोहून मलेगपर्यंत ट्रेनला पाच तासांच्या वर लागतात (हॅरी पॉटरच्या सिनेमातला ग्लेनफिनॅनचा पूल ह्याच लाइनवर आहे, सगळे उठून एकाच बाजूच्या खिडक्यांवर पडतात), मग तिथून सव्वा तासाची बोट. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. वारा जास्त असला तर बोट येतच नाही, तर मधे एक रिकामा दिवस ठेवायला पाहिजे होता, टूरवाल्यांनी दुसऱ्याच दिवशीचं पुढचं हॉटेल बुक करून ठेवलं होतं. हवा चांगली होती म्हणून निभावलं.

आता शाळा. माझे सासरे झेडपीतून रिटायर झालेले मास्तर, ब्रोशरमध्ये "स्थानिक शाळा भेट" वाचून बाबा सगळ्यात खूश होते. तिथं गेल्यावर कळलं की कोणी परवानगीच मागितली नव्हती. बाहेरच्या तीस लोकांना उगाच वर्गात कोण सोडेल, आणि सोडूही नये. रस्त्यावरूनच बघितली. पण आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईला बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये इतके प्रश्न विचारले की भेट झाल्यासारखीच झाली. शाळा फक्त प्रायमरी, मोजकीच पोट्टे, लहानमोठे सगळे एकत्र शिकतात. बारा वर्षांचं झालं की हायस्कूलसाठी मलेगला, आठवडाभर तिथंच हॉस्टेलवर राहायचं आणि शनिवार-रविवार घरी, तेही बोट चालू असली तर. बाबा म्हणाले हे तर आपलं गडचिरोलीतलं भामरागड, पर्लकोटा नदीला पूर आला की पोरगं इकडं आणि मायबाप तिकडं.

शनिवारी रात्री हॉलमध्ये केयली होती, म्हणजे गावाचा नाच. आमच्या पॅकेजमध्ये हीच गोष्ट "एक्स्क्लुझिव्ह कल्चरल नाइट" म्हणून होती आणि माणशी साडेचार हजार रुपये वेगळे घेतले होते. मी समजली स्टेज असेल, कलाकार असतील. आमची मंडळी भिंतीला खुर्च्या लावून मोबाइल काढून बसली. आणि समोर कोण? तर सकाळी दुकानात भेटलेली बाई, बोटीची दोरी बांधणारा माणूस, शाळेची पोट्टे, म्हातारे कोतारे. कोपऱ्यात अ‍ॅकॉर्डियन आणि फिडल, आणि एक माणूस माइकवर कोणी कुठं वळायचं ते ओरडून सांगत होता. शो-बिव काही नाही, ते आपापले नाचून राहिले होते, आणि बसून बघणारे फक्त आम्हीच, इतकं ऑकवर्ड झालं ना!

मग एक आठ-नऊ वर्षांची पोट्टी सरळ बाबांसमोर येऊन उभी राहिली, हात पुढे करून. स्कॉटलंडच्या शाळांमध्ये ख्रिसमसच्या आधी पीटीच्या तासाला हे नाच शिकवतात म्हणे, त्यामुळे पोरांना सगळं पाठ. "स्ट्रिप द विलो"मध्ये दोन रांगा समोरासमोर आणि एक जोडी रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात हात अडकवून गरगर फिरत शेवटपर्यंत जाते. बाबा चुकीच्या बाजूला वळले की ती पोट्टी त्यांना बाहीला धरून परत वळवायची, अगदी मास्तरीणबाईसारखी, आणि बाबा निमूटपणे ऐकत होते, घरी कोणाचं ऐकत नाहीत. नंतर आमचे सगळेच उठले. रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड होता.

मधल्या वेळात चहा आणि घरोघरचे केक. मी नागपूरहून नेलेला संत्रा बर्फीचा डबा टेबलावर ठेवला, मिनिटात संपला. जाणार असाल तर दोन डबे न्या, असं काही नेलं की बोलायला आपोआप माणसं येतात.

जेवण व्हेजवाल्यांसाठी ठीक, सूप-ब्रेड-बटाटा. टूरसोबतचा स्वयंपाकी महाराज बेटावर येत नाही हे आधी सांगत नाहीत. वीज बेटाची स्वतःची आहे, पाणी, वारा आणि सूर्यावरची, २००८ पासून, आणि एका घराला एका वेळी ५ किलोवॅटचीच मर्यादा आहे, तर गेल्या गेल्या सगळ्यांनी एकदम केटल, इस्त्री, हेअर ड्रायर लावू नका. मिज नावाचे बारीक किडे संध्याकाळी फोडून काढतात, पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा. आणि बुकिंगच्या आधी हॉलमध्ये त्या शनिवारी काही आहे का ते नक्की विचारा, नसेल तर तारीख बदला, बेटावरचा डोंगर काय कधीही दिसतो.

पैशाचं राहिलंच. हॉलच्या दारात एक डबा होता, जो तो त्यात थोडे पौंड टाकून आत जात होता. आम्हालाही तिथं परत टाकावे लागले, म्हणजे साडेचार हजारांतला एक रुपयाही गावापर्यंत पोचला नव्हता. परत आल्यावर ऑफिसमध्ये जाऊन हिशोब मागितला, आमचे हे दोनदा फोनही करून चुकले, अजून "बघतो वहिनी, साहेब बाहेर आहेत" चालू आहे.