म्हापशातलं कार एसीचं गॅरेज: गॅस भरायच्या आधी गेज लावणारा माणूस

मे महिन्यात गोव्यात गाडीचा एसी बिघडला की आपण सरळ गॅस भरायला पळतो आणि भरून देणारेही लगेच भेटतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

प्रॉब्लेम असा की पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की कॉम्प्रेसर टक करून चालू, काही सेकंदात टक करून बंद, परत चालू, आत नुसता उकाडा, आणि तीच गाडी हायवेला पळायला लागली की एसी एकदम थंडगार. आधी दुसरीकडे दाखवली होती, त्यांनी काही न मोजताच गॅस टॉपअप करून दिला. हे चालू-बंद होणं, म्हणजे कटिंग, उलट वाढलं.

म्हापशातल्या या गॅरेजवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, उभी असताना होतं की चालताना? मग गॅसचं प्रेशर मोजणारे गेज लावले. आपल्याकडच्या ३२-३३ डिग्रीत आर-१३४ए गॅसच्या गाडीला हाय साइड, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबून पुढे ढकललेल्या गॅसचं प्रेशर, साधारण २०० ते २५० पीएसआय असायला हवी, माझ्या गाडीत काटा ४०० च्या वर जात होता आणि तिथे प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद पाडत होता, प्रेशर उतरलं की परत चालू. मग त्याने पाइप घेऊन कंडेन्सरवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गरम गॅस थंड करणारी जाळी असते तिच्यावर, पाणी मारलं तर काटा झपकन खाली आणि कटिंग थांबलं! मला तिथेच पटलं. कंडेन्सरचा फॅन एकदम हळू फिरत होता, मोटर आतून गंजलेली. गाडी पळत असताना समोरून वारा लागतो म्हणून हायवेला त्रास नव्हता. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे चेक करून घ्याच, खारी हवा कशालाच सोडत नाही.

वर कोकणीत म्हणाला, "पात्रांव, गॅस उणो ना, चड आसा." म्हणजे गॅस कमी नाही, जास्त आहे. सगळा गॅस काढून वजन केलं तर बोनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या ग्रॅमपेक्षा खरंच जास्त निघाला. नवीन मोटर बसवली, कंडेन्सर धुतला, अर्धा तास व्हॅक्यूम लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, मग वजन करूनच गॅस भरला. बिल साडेचार हजारांच्या आसपास झालं, जुनी मोटर हातात दिली.

काम चालू असताना समजावत पण होता, की गाडी नीट थंड झाल्यावर कॉम्प्रेसर मधूनमधून कट होणं नॉर्मल आहे, थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाचणारा सेन्सर, ते करतो नाहीतर आतल्या थंड कॉइलवर बर्फ धरेल. थंड न होताच कट होत असेल तर मात्र काहीतरी बिघाड आहे, मग गॅस लीक होऊन कमी झाला असेल, फॅन गेला असेल किंवा थर्मिस्टरच चुकीचं वाचत असेल, आणि हे गेज लावल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये. एवढं प्रामाणिकपणे सांगणारा मेकॅनिक मिळणं मोठी गोष्ट आहे हो.

बसायला जागा नाही, गल्ली अरुंद, दुपारी १ ते ३ बंद. सकाळी लवकर गेलात तर नंबर लागतो, आणि आधी कोणी गॅस भरला असेल तर ते पहिल्यांदाच सांगा, त्याचा वेळ वाचेल.