पंप बदलला, कॉइल 'बदलल्या', दोष मात्र अर्थच्या वायरीत

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको, मानपाड्याच्या पुलावर चढताना पिकअप गेला की मागचा डंपर अंगावर येतो. पावसाळ्यात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने नेमकं तेच सुरू केलं. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गप्प, मग झटका, मग पळणार. हेडलाइट आणि एसी चालू असले की जास्तच. हे मी माजिवड्याच्या गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरा धागा तोच होता, पण त्याने ऐकून सोडून दिलं.

स्कॅनर लावून त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "साहेब, कॉम्प्युटरच सांगतोय, फ्युएल पंप गेला." स्कॅनर असं काही सांगत नाही. त्यावर होतं 'मिश्रण लीन', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पंपाला व्होल्टेज कमी मिळालं तरी तो हळू फिरतो, प्रेशर पडतं आणि हाच कोड येतो. नवा पंप बसला, थोडे दिवस गाडी बरी चालली (काम करताना बॅटरीची वायर काढून परत आवळली होती, एवढंच), मग पुन्हा तेच. मग चारही कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी देणाऱ्या), मग इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांचं क्लिनिंग. जुने पार्ट मागितले तर म्हणे, भंगारवाला घेऊन गेला.

शेवटी कळव्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांकडे गेलो. त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मला सेल्फ मारायला लावला. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं, आलं ०.९. म्हणजे इंजिन आणि बॅटरीमधली अर्थिंगच, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाटच, नीट नाही; म्हणून दिवे-एसीचा भार आला की व्होल्टेज आणखी पडायचं. गिअरबॉक्सपासून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीची लग (टोकाची धातूची कडी) हिरवी पडली होती, आतल्या तारा अर्ध्या तुटलेल्या. नवी पट्टी टाकली, बोल्टखालचा रंग-गंज सँडपेपरने घासला. मग इंजिन चालू ठेवून, सगळे दिवे लावून बॅटरीवर मोजलं तर १४ व्होल्ट. खर्च काही शेकड्यांत, आणि झटके गेले ते गेलेच.

खरी चीड पुढे आली. काकांनी इंजिनचं कव्हर काढलं आणि विचारलं, "ह्या कॉइल नव्या?" स्क्रूच्या खाचेत वर्षानुवर्षांची माती, अंगावर गाडीच्याच सालाचा छाप. बिलात मात्र चार नव्या कॉइल. निदान चुकणं मी समजू शकतो. न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं ही सरळ चोरी आहे.

तेव्हा गॅरेजमध्ये वायरिंगचा व्होल्टेज ड्रॉप (वायरीत वाया जाणारं व्होल्टेज) आधी मोजून दाखवायला सांगा, आणि जुने पार्ट हातात येतील असं जॉबकार्डवरच लिहून घ्या.

जाब विचारला तर मालकाने हेल्परवर ढकललं आणि पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये पैसे वळते करून देतो म्हणाला. रोख मागितल्यापासून फोन उचलत नाही. बिल आणि कॉइलचे फोटो जोडून ग्राहक हेल्पलाइनकडे (फोन १९१५) तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू-सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्कही लागत नाही.