हलकी रायफल: .22 की एअर रायफल?

अर्धस्वयंचलित (प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल 2016 च्या शस्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे सोलापुरातल्या हौशी नेमबाजापुढे खरी निवड उरते ती .22 (नळीचा व्यास 0.22 इंच) बोल्ट रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हाताने खटका ओढून काडतूस भरायची रायफल, आणि हवेच्या दाबाने छर्रा उडवणारी 4.5 मिलिमीटर व्यासाची एअर रायफल यांच्यातच.

.22 साठी शहरात पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो मिळाल्यावर पाच वर्षे चालतो. मात्र काडतुसांची मर्यादा आणि घरातली सुरक्षित साठवण यांची जबाबदारी कायम राहते. हिच्या स्पर्धेतले अंतर 50 मीटरचे, आणि स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात.

एअर रायफलची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असल्यास परवाना लागत नाही. नळी खाली दुमडायची, अंगठ्याने छर्रा बसवायचा, नळी पुन्हा सरळ करायची. हा सराव 10 मीटरच्या बंदिस्त जागेत रोज करता येतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळविटांवर मात्र दोन्हींपैकी कोणतीही चालवू नये, ती शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

नवख्याने, माझ्या मते, निदान पहिले वर्ष एअर रायफलवरच काढावे.