आबांचं हृदय, आईचं हृदय

यावलला केळीच्या बागेत जन्मभर राबलेल्या आमच्या आबांचा आणि आईचा ईसीजी एकाच दिवशी काढला. आबांचे ठोके मिनिटाला 70, आईचे 78. आई घाबरली. पण बाईचं हृदय लहान असतं, एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, म्हणून जरा भरभर चालतं. पुरुषाचं वजनाला साधारण 300 ग्रॅमच्या पुढे, बाईचं त्याहून कमी. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन स्नायूला भर देतं.

बाईचं हार्मोन इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवतं, वाईट कोलेस्टेरॉल दाबून धरतं. त्यामुळे पुरुषांना झटका बायकांपेक्षा सात-दहा वर्षं आधी येतो. पाळी गेली की हा आधार सरतो. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात? 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक स्त्री-हार्मोन, औषधरूपात) घेणाऱ्या बायकांत झटके कमी झालेच नाहीत, उलट वाढले. हृदयासाठी त्या गोळ्या नकोतच.

मला काळजी आईचीच जास्त. उतारवयात बऱ्याच बायकांचं हृदय आवळतं नीट, पण ताठरल्याने पुरतं सैलावत नाही. कळण्याची भाकरी थापताना तिला दम लागतो, जबडा दुखतो, मळमळतं. ती म्हणते, पित्त झालंय. आबांच्या छातीत कळ आली असती, तर सगळं घर धावलं असतं.