जुन्या अंगठ्यांतील रत्नांची प्रयोगशाळेतील तपासणी: तीन अंगठ्यांचा अनुभव

विक्रेत्याने दिवे मालवून अंगठीवर अतिनील प्रकाशाची विजेरी धरली, तेव्हा तिच्यातील लाल खडा फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा पेटला. असे तेज फक्त ब्रह्मदेशातील माणकालाच असते, असे त्यांनी सांगितले आणि अंगठी व्हिक्टोरियाकालीन असल्याचे सोबतच्या कागदावर लिहूनही दिले. त्यांच्या बोलण्यात मुळीच तथ्य नव्हते असे नाही. ब्रह्मदेशातील मोगोक या खाणभागाच्या संगमरवरात घडलेल्या माणकात लोह अत्यल्प असते, त्यामुळे क्रोमियमची लाल प्रतिदीप्ती दबत नाही. थायलंडच्या माणकात लोह अधिक असल्यामुळे तेच तेज मंदावते. परंतु लोह जवळपास नसलेले आणखी एक माणिक जगात आहे, ते खाणीतून येत नाही, आणि त्याची ओळख पटण्यासाठी मला रत्नपरीक्षण प्रयोगशाळेची पायरी चढावी लागली.

हे परीक्षण त्या प्रयोगशाळेच्या सेवेविषयी आहे. मी तेथे तीन जुन्या अंगठ्या दिल्या होत्या: ही लाल खड्याची, दुसरी निळ्या खड्याची आणि तिसरी मागून बंद असलेल्या कोंदणातील हिरव्या खड्याची. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण जे चांगले आढळले ते रत्नांच्या खरेदी-विक्रीत न पडणाऱ्या कोणत्याही जबाबदार प्रयोगशाळेकडे मागता येते, आणि जे उणे आढळले त्यातील बरेचसे या कामाच्या स्वरूपातूनच येते. अंगठ्या स्वीकारतानाच तेथील रत्नतज्ज्ञ बाईंनी मर्यादा स्पष्ट केल्या. जडवलेला खडा वेगळा तोलता येत नाही, त्याचे विशिष्ट गुरुत्व काढता येत नाही आणि कोंदणाने झाकलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही. म्हणून अहवालातील वजन मापांवरून काढलेले अंदाजी असेल आणि निष्कर्ष जडवलेल्या स्थितीत शक्य झालेल्या तपासणीपुरताच असेल. खडे काढून द्यायचे आहेत का, असे त्यांनी विचारले, पण आग्रह धरला नाही. खडा धरून ठेवणाऱ्या जुन्या सोन्याच्या झिजलेल्या नख्या एकदा उचलल्या की तुटण्याची भीती असते, आणि खडा ज्या कोंदणात इतकी वर्षे बसला आहे ते कोंदण हाही एक पुरावाच असतो, म्हणून मी नकार दिला.

लाल खड्याची पहिली चाचणी अपवर्तनांकाची, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो याची झाली. तो १.७६२ ते १.७७० असा मिळाला, म्हणजे खडा काच नाही, आणि माणकासारखे दिसणारे स्पिनेल किंवा गार्नेट हे दुसरे लाल रत्नही नाही. ते माणिकच आहे. अनेक ठिकाणी तपासणी येथेच थांबते आणि ‘माणिक’ एवढाच शब्द लिहिलेला कागद हातात पडतो. मात्र खाणीतल्या आणि माणसाने घडवलेल्या माणकाचे रासायनिक घटक एकच असल्यामुळे अपवर्तनांकही एकच असतो, आणि खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होतो. बाईंनी अंगठी आडवी धरून कोंदणाच्या बाजूच्या फटीतून प्रकाश सोडला आणि मला पाहायला बोलावले. आधी नुसता लाल रंग दिसत होता. त्यांनी अंगठी अगदी सावकाश फिरवली, आणि एका विशिष्ट कोनात ग्रामोफोनच्या तबकडीवरील चरांसारख्या बारीक, समांतर, किंचित वळलेल्या रेषा उमटल्या. त्यांच्या एका बाजूला दोन गोल बुडबुडे होते. कोन जरासा बदलताच रेषा नाहीशा झाल्या.

त्या वळणातच सगळे उत्तर होते. निसर्गात माणकाचा स्फटिक सपाट बाजूंनी वाढतो, त्यामुळे त्याच्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि एकमेकींना कोनात मिळतात. ऑग्युस्त व्हर्न्युई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत मात्र ॲल्युमिनाची आणि क्रोमियम ऑक्साइडची भुकटी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडते, वितळते आणि घुमटासारख्या माथ्यावर थरावर थर गोठत जाते. वळलेल्या रेषा म्हणजे त्या घुमटाचे थर. अशा माणकात लोह नसल्यासारखेच असते, म्हणून विजेरीखाली ते मोगोकच्या माणकाइतकेच, कित्येकदा अधिकच पेटते. दुकानात दाखवलेली खूण खरी होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

आता कागदावरील ‘व्हिक्टोरियाकालीन’ या शब्दाकडे पाहावे. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये निवर्तली. तेव्हा एक तर खडा नंतर बदललेला आहे किंवा अंगठीच त्या काळातील नाही. माझ्या अंगठीची सरळ, भौमितिक घडण १९२० च्या दशकाकडे बोट दाखवते, आणि त्या काळी चांगल्या चांगल्या जवाहिऱ्यांनी कृत्रिम माणिक आणि नीलम दागिन्यांत राजरोस वापरले. त्यामुळे हा खडा पहिल्यापासून याच अंगठीत असणे अगदी शक्य आहे. कृत्रिम आणि नकली हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. जुन्या दागिन्यांच्या बाबतीत त्यामुळे फार नुकसान होते, कारण त्या काळाची अस्सल वस्तू असूनही अशी अंगठी मोडीत काढली जाते. माझी तक्रार खड्याविषयी नाही. ब्रह्मदेशाचे नाव सांगून किंमत घेतली गेली, याविषयी आहे.

निळ्या अंगठीसोबत आलेल्या कागदावर ‘सुमारे १८४०, काश्मीरचा मूळ नीलम’ असे लिहिले होते. हा कागद प्रयोगशाळेत नेण्याआधीच बाद ठरायला हवा होता, कारण काश्मीरच्या पाडर भागातील नीलमांचा साठा उजेडात आला तोच १८८१ च्या सुमारास. रत्नांच्या खाणींची सनावळी ठाऊक असली तर विक्रेत्याचे निम्मे दावे घरबसल्या तपासता येतात: टांझानाइट हे टांझानियातील निळे रत्न १९६७ च्या आधी कोणत्याही अंगठीत असू शकत नाही, आणि मोझांबिकच्या मॉन्टेपुएझचे माणिक २००९ नंतरचेच असते.

प्रयोगशाळेने या नीलमाचे उगमस्थान श्रीलंका असे दिले. खड्यात रूटाइल या खनिजाचे लांब, रेशमासारखे धागे होते; काश्मीरच्या नीलमात मखमली आभा देणारे अतिसूक्ष्म कण असतात, ते येथे नव्हते. तेवढ्यावर न थांबता त्यांनी लोह, गॅलियम, मॅग्नेशियम यांसारख्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजण्यासाठी लेसर वापरण्याची परवानगी मागितली. त्याने खड्याच्या काठावर साध्या डोळ्यांना न दिसणारा खड्डा पडतो. लेखी संमतीशिवाय त्यांनी यंत्र सुरू केले नाही, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटली. ही काळजी अनाठायी नव्हती, कारण मादागास्करचे नीलम श्रीलंकेच्या नीलमांशी फार जुळतात. दोन्ही भूभाग एकेकाळी गोंडवनात शेजारी होते. खडा मादागास्करचा निघाला असता तर तो १९९० च्या दशकात किंवा त्यानंतर बसवलेला, असे मानावे लागले असते.

अहवालाची भाषा दोनदा वाचण्याजोगी आहे. त्यात ‘खडा कधीही तापवलेला नाही’ असे नसून ‘उष्णताप्रक्रियेच्या खुणा आढळल्या नाहीत’ असे लिहिले आहे. खूप तापवल्यास रूटाइलचे धागे विरघळून तुटक होतात; येथे ते अखंड असल्यामुळे हा निष्कर्ष निघाला. उगमस्थान हे मत आहे, प्रमाणपत्र नव्हे, असेही स्पष्ट नमूद आहे, आणि दोन नामांकित प्रयोगशाळा एकाच खड्याला वेगवेगळे उगमस्थान देऊ शकतात हे त्यांनी तोंडीही सांगितले. बाजूचे लहान हिरे नैसर्गिक निघाले. ते गोवळकोंड्याचे असल्याचा विक्रेत्याचा दावा मात्र त्यांनी विचारातच घेतला नाही, कारण पैलू पाडलेल्या हिऱ्याची खाण केवळ हिरा पाहून ठरवता येत नाही.

हिरव्या अंगठीला सर्वांत कमी वेळ लागला. वरच्या सपाट पैलूवर अपवर्तनांक चक्क गार्नेटचा आला, पाचूचा १.५७ ते १.५९ च्या जवळपासही नाही. मग बाईंनी अंगठी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली, आणि हिरव्या खड्याभोवती पुसटसे लाल कडे दिसले. हिरव्या काचेवर लाल गार्नेटचा पातळ थर वितळवून चिकटवलेला हा जोडखडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे खडे फार झाले, कारण काचेला नसलेली कठिणता आणि झिलई त्या पातळ थराने मिळत असे. स्वस्त कृत्रिम रत्ने आल्यावर त्यांची गरज सरली. बंद कोंदणात खड्यामागे वर्ख असू शकतो आणि पाणी शिरल्यास तो काळवंडतो, म्हणून ही अंगठी धुऊ नये, दागिने स्वच्छ करणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्रात तर मुळीच घालू नये, असा सल्ला त्यांनी न विचारता दिला.

आता उणिवा. अहवाल खड्यावर बोलतो, अंगठीवर नाही. खडा आणि कोंदण एकाच काळाचे आहेत का, पैलूंच्या कडांची झीज नख्यांच्या झिजेशी जुळते का, यावर एक ओळही नव्हती. जुन्या दागिन्याच्या मालकाला नेमके तेच हवे असते, आणि त्यासाठी जुन्या दागिन्यांचा वेगळा जाणकार गाठावा लागतो. हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. दुसरे असे की अहवालावर अंगठीचे एकच लहान छायाचित्र होते. ज्या अंतर्गत खुणांवर निष्कर्ष उभा होता त्यांचे एकही नव्हते. मी मागणी केल्यावर त्यांनी लाल खड्यातील वळलेल्या रेषांचे आणि नीलमातील धाग्यांचे छायाचित्र काढून दिले, त्यासाठी वेगळे शुल्क घेतले नाही. तपासणीला अंगठी देतानाच ही मागणी अर्जावर लिहावी, कारण अंगठी परत घेतल्यानंतर तोच कोन पुन्हा साधण्यासाठी सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.