स्टिल की प्राइस: आधी कोणती सिम्फनी ऐकाल?

युरोपीय सिम्फनीच्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या, अनेक भागांच्या रचनेच्या) साच्यात आफ्रिकन-अमेरिकन संगीत कसं उतरतं हे ऐकायचं, तर निवड दोघांत आहे: विल्यम ग्रँट स्टिल यांची ‘आफ्रो-अमेरिकन सिम्फनी’ (पहिला प्रयोग रॉचेस्टर, १९३१) आणि फ्लॉरेन्स प्राइस यांची ई मायनर या स्वरपट्टीतली पहिली सिम्फनी (शिकागो, १९३३).

वेळ बेताचा असेल तर स्टिल. चार भाग मिळून साधारण २५ मिनिटं. सुरुवातीच्या छोट्या एकल सुरावटीनंतर म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेला ट्रम्पेट जी धून धरतो, तो सरळ १२ बारचा ब्लूज (आफ्रिकन-अमेरिकन गाण्याचा एक ठरलेला साचा) आहे. चार मात्रांचा एक बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन समजा. पाचव्या बारला स्वरसंगती षड्जावरून मध्यमावर जाते, नवव्याला पंचमावर. बोटांवर मोजत दोनदा ऐकलं की ही चौकट कानात बसते. तिसऱ्या भागात बँजो आहे. तो ऐकूच आला नाही तर दोष तुमच्या कानाचा नाही. छेडलेल्या तारेचा आवाज झटकन विरतो आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) चढला की बुडतो.

प्राइस यांची सिम्फनी जवळपास ४० मिनिटांची, त्यात पहिलाच भाग पाव तासाच्या वर. त्यावर ड्वोरझाक या चेक संगीतकाराची छाया उघड आहे (त्याची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीही ई मायनरमध्येच), आणि बरेच जण इथेच कंटाळून उठतात. म्हणून घरी ऐकताना खुशाल दुसऱ्या भागापासून सुरू करा. दहा ब्रास वाद्यं चर्चमधल्या सामूहिक गाण्यासारखी धून वाजवतात, खाली ढोल, शेवटाकडे घंटा. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं.

तिसरा भाग ‘जुबा’, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांचा एक नाच. गुलामांच्या ढोलांवर ठिकठिकाणी बंदी आली, तेव्हा टाळ्या, मांड्या आणि पावलं हेच तालवाद्य झालं. तो नाच इथे व्हायोलिनवर आलाय. वजन (स्वरावरचा जोर) मात्रेच्या आधी-नंतर पडतं. संचालकाने लय फार चढवली की ते वजन सपाट होतं आणि उरते नुसती पळापळ. रेकॉर्डिंग निवडताना हाच भाग आधी तपासा.

जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराची जॅझ मिसळलेली ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ बहुतेकांनी आधीच ऐकलेली असते, म्हणून ती इथे धरली नाही.

हेडफोनवर स्टिल चालेल. तिकीट काढायचंच असेल, तर प्राइससाठी काढा.